तीन खिंडी, तेवीस दिवस: खुंबूतल्या एका ट्रेकच्या वेळापत्रकाची फेरमांडणी

सहा जणांचा गट, वयं २९ ते ५४. काठमांडूत उतरल्यापासून परतीचं विमान पकडेपर्यंत हातात २३ दिवस, ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. करायच्या होत्या खुंबूतल्या, म्हणजे नेपाळमधल्या एव्हरेस्टच्या भागातल्या, तिन्ही मोठ्या खिंडी, एकाच फेरीत: कोङमा ला (५,५३५ मीटर), चो ला (५,४२०) आणि रेन्जो ला (५,३६०). वाटेत एव्हरेस्ट बेस कॅम्प आणि काला पत्थर हा डोंगरही. सगळे सह्याद्रीत वर्षानुवर्षं चालणारे. तिघांनी याआधी ४,००० मीटरच्या वर मुक्काम केलेला. एकाला रक्तदाबाची रोजची गोळी. दुसऱ्या एकाला पूर्वी लेहला विमानाने उतरल्यावर पहिल्याच रात्री डोकेदुखी आणि उलट्यांनी आडवं केलेलं. या शेवटच्या दोन गोष्टी आराखड्याच्या पहिल्या पानावर हव्या होत्या. त्या आराखड्यात कुठेच नव्हत्या.

पहिला आराखडा असा होता. दुसऱ्या दिवशी लुक्ला गाठून फाकदिङला (२,६१०) मुक्काम, मग नामचेला (३,४४०) दोन रात्री, टेङबोचे (३,८६०), दिङबोचे (४,४१०), छुखुङ (४,७३०). आठव्या दिवशी कोङमा ला ओलांडून लोबुचे (४,९४०), नवव्याला गोरखशेप (५,१६४) आणि बेस कॅम्प, दहाव्याला पहाटे काला पत्थर करून झोङला (४,८३०). अकराव्याला चो ला ओलांडून थाङनाक (४,७००), पुढे गोक्योला (४,७९०) दोन रात्री, चौदाव्याला रेन्जो ला ओलांडून लुङदे (४,३८०), मग नामचे, लुक्ला आणि सतराव्या दिवशी काठमांडू. उरलेले सहा दिवस पोखरा, चितवन आणि खरेदी.

यातला कुठलाही एक दिवस वेगळा काढून पाहिला तर चालण्याजोगा आहे, आणि त्यामुळेच असा आराखडा फसवतो. तासांचा आणि किलोमीटरचा हिशोब जमलेला दिसतो, म्हणून रात्रींचा हिशोब कोणी मांडतच नाही.

रात्रींचा हिशोब

उंचीवरच्या वेळापत्रकात सगळ्यात आधी एकच रकाना भरायचा: कुठल्या रात्री किती उंचीवर झोपणार. दिवसा वर जाऊन खाली आलेलं शरीर सहन करतं. झोपेत मात्र श्वास मंदावतो, मध्येच थांबतो, रक्तातला प्राणवायू जागेपणापेक्षा खाली जातो, आणि त्रास रात्रीत वाढतो. डॉक्टरांनी घालून दिलेली मर्यादा सोपी आहे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढायची.

पहिल्या आराखड्याचा रकाना भरला तेव्हा चूक लगेच उघडी पडली. नामचेची दुसरी रात्र ३,४४० वर. त्यानंतर ३,८६०, ४,४१०, ४,७३०, ४,९४०, ५,१६४. पाच रात्रींत १,७२४ मीटर चढ, मध्ये एकही थांबा नाही. टेङबोचे ते दिङबोचे ही उडी तर एकट्याने ५५० ची. कोङमा ला ही तिन्हींतली सर्वांत उंच आणि सर्वांत दमवणारी खिंड, आणि तिच्या पायथ्याशी गट पोहोचत होता ३,००० च्या वर फक्त पाच रात्री काढून. ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. पायांत कितीही ताकद असली तरी त्या निम्म्या हवेची सवय तिथे झोपल्याशिवाय होत नाही, आणि सह्याद्रीतला सराव या बाबतीत काडीचाही उपयोगी पडत नाही. उलट दमदार माणूस लवकर वर पोहोचतो आणि लवकर आजारी पडतो.

गटाकडे दिवस पुरेसे होते. ते सगळे शेवटी, पोखऱ्यात साठवलेले होते. शेवटचा मोकळा दिवस चो लावर बर्फ पडलं तर कामाला येत नाही. तो फक्त लुक्लाला विमान अडकलं तरच कामाला येतो. म्हणून फेरमांडणीचं सूत्र ठरलं: पोखरा-चितवन रद्द, आणि ते सहा दिवस उचलून जिथे गरज पडेल तिथे पेरायचे.

कोणत्या बाजूने फिरायचं

ही फेरी दोन्ही दिशांनी होते. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गेलं तर नामचे, थामे (३,८२०), लुङदे असं करत आधी रेन्जो ला लागते. ही खिंड तिन्हींत सोपी, आणि कोङमा ला शेवटी, अंगात पूर्ण सवय मुरल्यावर येते, हा या दिशेचा खरा फायदा आहे. अडचण अशी की थामेहून लुङदेला झोपायला गेलं की ५६० मीटरची उडी, आणि दुसऱ्याच दिवशी ५,३६० ओलांडून पलीकडे पुन्हा ४,७९० वर मुक्काम. म्हणजे खिंडीच्या दोन्ही बाजूंना उंचीच. त्या रात्री गोक्योत कोणी आजारी पडलं तर डोले-माछेर्मोच्या खोऱ्याने खाली उतरायला लागतं आणि फेरी तिथेच संपते.

उलट दिशेने, म्हणजे कोङमा ला, चो ला, रेन्जो ला या क्रमाने गेलं तर नामचे ते छुखुङ हा चढ हळूहळू, भरपूर लॉज असलेल्या खोऱ्यातून होतो. दिङबोचेपासून जवळच, फेरिचेला, हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं आरोग्य केंद्र ट्रेकिंगच्या हंगामात चालू असतं. शेवटची खिंड उतरल्यावर रात्र थेट ४,३८० वर येते, दुसरी नामचेला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, या दिशेला पहिली खिंड टाळूनही पुढचा ट्रेक शाबूत राहतो: छुखुङहून दिङबोचे, थुक्ला (४,६२०) करत खोऱ्याच्या वाटेने लोबुचे गाठता येतं. लेहला त्रास झालेला माणूस सोबत असताना हाच मुद्दा निर्णायक ठरला. गटाने उलटी दिशा घेतली.

नवा आराखडा

पहिला: काठमांडू.
दुसरा: सकाळी सामानाची तपासणी, दुपारी मोटारीने मंथली.
तिसरा: विमानाने लुक्ला (२,८६०), चालत मोंजो (२,८३५).
चौथा आणि पाचवा: नामचे.
सहावा: खालचं पाङबोचे (३,९३०).
सातवा आणि आठवा: दिङबोचे.
नववा आणि दहावा: छुखुङ.
अकरावा: कोङमा ला, लोबुचे.
बारावा: गोरखशेप, बेस कॅम्प.
तेरावा: काला पत्थर, झोङला.
चौदावा: तरंगता दिवस.
पंधरावा: चो ला, थाङनाक.
सोळावा आणि सतरावा: गोक्यो.
अठरावा: रेन्जो ला, लुङदे.
एकोणिसावा: थामेवरून नामचे.
विसावा: लुक्ला.
एकविसावा: विमान, काठमांडू.
बाविसावा: मोकळा.
तेविसावा: परत.

काही जागा मुद्दाम बदलल्या आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गर्दीत लुक्लाची बहुतेक विमानं काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. काठमांडूहून रस्ता सुमारे १३२ किलोमीटर, चार-पाच तासांचा. लोक रात्री एक-दोनला निघून पहाटे पोहोचतात. झोपेचं खोबरं करून त्याच दिवशी चालायला लागणं ही ट्रेकची वाईट सुरुवात, म्हणून आदल्या दुपारीच निघायचं. फाकदिङऐवजी मोंजोला झोपल्याने नामचेची उडी ८३० वरून ६०५ वर येते. तरीही ती पाचशेच्या वर आहे, पण नामचेला दोन रात्री असल्याने ती पचते. टेङबोचेऐवजी पाङबोचे निवडल्याने पुढच्या दोन उड्या ४९० आणि ४८० अशा दोन्ही मर्यादेत बसतात. टेङबोचेचा मठ वाटेतच आहे, तो पाहून पुढे जाता येतं.

उंचीच्या सवयीसाठी ठेवलेले दिवस लोळण्याचे नाहीत. नामचेला ३,८८० च्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत, दिङबोचेला नाङकरत्साङच्या धारेवर साधारण ४,८०० पर्यंत, छुखुङला छुखुङ री या शिखराच्या वाटेवर जमेल तितकं, पण दुपारी एकच्या आत मागे फिरायचं. दर वेळी वर जाऊन खाली झोपायला यायचं. छुखुङची दुसरी रात्र ही या आराखड्यातली सगळ्यात मोलाची रात्र. दिवस कमी पडले की लोक पहिली कात्री तिलाच लावतात, आणि त्याची किंमत दुसऱ्या दिवशी कोङमा लाच्या शेवटच्या दोनशे मीटरवर मोजतात.

या मांडणीत कोङमा ला अकराव्या दिवशी येते, ३,००० च्या वर सात रात्री झाल्यावर.

काय आधी सोडायचं, हे घरीच ठरवायचं

तरंगता दिवस चौदाव्या जागी लिहिला असला तरी तो तिथे बांधलेला नाही. दिङबोचेला कोणी आजारी पडलं तर तिथे खर्च करायचा. तो संपला आणि पुन्हा दिवस हवा झाला तर काय कापायचं, याचा क्रम लेखी हवा. वर गेल्यावर सहा जणांची सहा मतं होतात, आणि उंचीवर माणसाची विचारशक्ती तशीही मंदावते.

क्रम असा ठरला. पहिली कात्री गोक्यो रीला, म्हणजे गोक्योवरच्या शिखराला. सतराव्या दिवसाचा दुसरा मुक्काम गेला की एक दिवस सुटतो. दुसरी गोरखशेप आणि बेस कॅम्पला. लोबुचेहून झोङला फक्त तीनेक तासांवर आहे, त्यामुळे गोरखशेपचा फेरा सोडला की पूर्ण एक दिवस हातात येतो. या मुद्द्यावर गटात बरीच खडाजंगी झाली, कारण घरी सगळ्यांना बेस कॅम्पच सांगून ठेवलेला होता. पण खिंडींच्या ट्रेकमध्ये बेस कॅम्प हा बाजूला काढलेला फाटा आहे, आणि बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसतही नाही, ते काला पत्थरवरून दिसतं. तिसरी कात्री खुद्द खिंडींना. चो ला बंद असेल तर झोङलाहून खाली फोर्त्सेला उतरून गोक्योच्या खोऱ्यात पुन्हा चढावं लागतं. त्याला तीन दिवस लागतात, म्हणून तेवढे दिवस नसतील तर गोक्यो आणि रेन्जो ला सोडून सरळ नामचे. रेन्जो ला बंद असेल तर गोक्योहून डोले, मोङ ला करत नामचे.

कात्री लावायची नाही अशा तीन जागा: नामचेची, दिङबोचेची आणि छुखुङची दुसरी रात्र.

हवामानाचा एक मुद्दा इथेच सांगितला पाहिजे. ऑक्टोबरचं आकाश निरभ्र असतं हे खरं, पण बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं याच महिन्यांत येतात. हुदहुद वादळ १२ ऑक्टोबर २०१४ ला विशाखापट्टणमला धडकलं आणि दोनच दिवसांनी, १४ तारखेला, अन्नपूर्णा भागात थोरोङ लाच्या परिसरात तुफान बर्फ पडलं. त्यात किमान ४३ जणांचा जीव गेला. त्यांतले कित्येक जण खिंडीतून उतरताना वाट हरवून गोठले. म्हणून समुद्रात काही शिजतंय का हे रोज संध्याकाळी लॉजच्या वायफायवर बघायचं. पूर्व किनाऱ्याकडे वादळ निघालंय असं कळलं की पुढचे दोन-तीन दिवस खिंड नाही.

खिंडींचे तीन दिवस

छुखुङ ते लोबुचे या दिवसात मध्ये एकही लॉज नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. ८०५ मीटर चढ, मग मोठमोठ्या दगडांवरून सहाशेक मीटर उतार, आणि पाय संपलेले असताना समोर खुंबू हिमनदी. नकाशावर ती एक पट्टी दिसते. प्रत्यक्षात आधी बाजूच्या मोरेनची, म्हणजे हिमनदीने कडेला रचलेल्या दगड-मातीची, भिंत उतरायची, मग दगड-मातीने झाकलेल्या बर्फावरून, डबक्यांना वळसे घालत पलीकडे जायचं, आणि पुन्हा मोरेनची भिंत चढायची. बर्फ सरकत असल्याने वाट दर हंगामात बदलते. दगडांवर रचलेल्या जुन्या खुणा कधीकधी थेट पाण्यात नेऊन सोडतात. लोबुचेचे पत्रे समोर दिसत असतात आणि तरी तास-दीड तास लागतो. अंधारात इथे चुकणं म्हणजे रात्र बर्फावर. नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेपाचपर्यंत अंधार पडतो. मागून हिशोब केला: चारच्या आत हिमनदीच्या पलीकडे, म्हणजे दीडला हिमनदीच्या काठावर, म्हणजे अकराला माथ्यावर, म्हणजे पाचला छुखुङ सोडायचं. आणि मागे फिरण्याची वेळ दोन ठिकाणी ठरवली. माथ्याखालच्या छोट्या तळ्यांपाशी दहापर्यंत न पोहोचलेला माणूस मागे फिरणार. अकरानंतर माथ्यावर कोणी जाणार नाही. प्रत्येकी तीन लिटर पाणी छुखुङलाच भरून घ्यायचं. बाटल्या उलट्या करून ठेवायच्या, म्हणजे बर्फ तळाशी धरतं आणि झाकण मोकळं राहतं.

चो लाचं दुखणं वेगळं आहे. झोङलाकडून खडकांतून चढून गेलं की माथ्याजवळ हिमनदीचा उतरता तुकडा लागतो. ताजं बर्फ नसेल तेव्हा तो काचेसारखा कडक असतो. बुटांना लावायचे काटे, म्हणजे मायक्रोस्पाइक, प्रत्येकाकडे हवेतच, एकाच्या जोडीवर दोघांनी भागवायचं नाही. पलीकडची पश्चिमेची उतरण तीव्र आणि सैल दगडांची. सकाळी ती सावलीत गोठलेली, ऊन लागलं की दगड सुटायला लागतात. पहाटे साडेचारला निघून नऊ-साडेनऊला माथा गाठला तर दोन्हींच्या मधली वेळ सापडते. थाङनाकच्या आधी आणखी एक चढ आडवा येतो. तो आधी माहीत नसेल तर फार मन मोडतो.

रेन्जो ला त्या मानाने सरळ. गोक्योहून ५७० मीटर चढ, पलीकडे दगडी पायऱ्या आणि लुङदेपर्यंत ९८० मीटर उतार. गुडघ्यांचा दिवस. थाङनाक ते गोक्यो हा दोन-तीन तासांचा टप्पा सोपा वाटतो, पण त्यात ङोजुम्पा हिमनदी ओलांडायची असते. हिमालयातल्या सगळ्यात लांब हिमनद्यांपैकी ती एक, आणि तिथेही वाट बदलत राहते. थामेबद्दल एक सूचना: १६ ऑगस्ट २०२४ ला वरची हिमसरोवरं फुटून आलेल्या पुराने त्या गावाचं मोठं नुकसान केलं. तिथे मुक्काम धरायचा असेल तर नामचेतच चौकशी करून घ्यायची. या आराखड्यात लुङदेहून एकदम नामचे ठेवलंय.

माणसं, सामान, औषधं

सहा जणांना एक गाइड पुरत नाही. खिंडीवरून कोणी मागे फिरलं तर त्याच्यासोबत कोण जाणार, हा प्रश्न एका गाइडने सुटत नाही. म्हणून एक गाइड, एक सहायक गाइड आणि तीन पोर्टर. प्रत्येक पोर्टरच्या पाठीवर दोघांचं मिळून २० किलो, त्याहून जास्त नाही. त्यांचा विमा, थंडीचे कपडे आणि चो लासाठी मायक्रोस्पाइक ही गटाची जबाबदारी. निघण्याआधी त्यांच्या पायांतले बूट डोळ्यांनी बघायचे.

लेहला त्रास झालेल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने डायमॉक्स हे उंचीचा त्रास टाळण्याचं औषध १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, नामचेच्या आदल्या दिवसापासून सुरू केलं. सल्फाची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारायचं. रक्तदाबवाल्याने आपली गोळी कुठली आहे ते डॉक्टरांना दाखवलं, कारण डायमॉक्सही लघवी वाढवतं आणि तशाच गोळीवर ते घेताना विचार करावा लागतो. डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन गाइडच्या पेटीत, वापरण्याच्या लेखी सूचनांसह. ही औषधं खाली उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात. ती घेऊन वर जायचं नाही.

रोज संध्याकाळी लेक लुईस या उंचीचा त्रास मोजण्याच्या पद्धतीने नोंद: डोकेदुखी, पोट, थकवा, चक्कर, प्रत्येकाला ० ते ३. डोकेदुखी आहे आणि बेरीज ३ किंवा जास्त, तर दुसऱ्या दिवशी वर जायचं नाही. चालताना तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं दिसलं तर बेरीज बाजूला ठेवून त्याच वेळी खाली, रात्र असली तरी.

विम्याची कागदं नीट वाचली तेव्हा एका पॉलिसीत ५,५०० मीटरपर्यंतच संरक्षण निघालं. कोङमा ला ५,५३५. पस्तीस मीटरसाठी हेलिकॉप्टरचा खर्च अंगावर पडला असता. ६,००० पर्यंतची पॉलिसी घेतली. अर्थात हेलिकॉप्टर ढगात आणि रात्री उडत नाही, म्हणून तो आराखड्याचा भाग धरायचा नाही.

बाकी कागदपत्रं थोडक्यात. विमानाने जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार कार्डावर भागत नाही. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा परवाना मोंजोच्या नाक्यावर आणि खुंबू पासाङल्हामु गाउँपालिकेचा परवाना लुक्लाला मिळतो, त्यामुळे त्यासाठी काठमांडूत दिवस घालवायला नको. नामचेच्या पुढे रोखीचाच व्यवहार. दोन जास्तीच्या दिवसांचे पैसे प्रत्येकाने वेगळे बांधून ठेवायचे. झोङला आणि थाङनाकला लॉज मोजकेच, गाइडने दोन दिवस आधी फोन करून जागा धरायची.

प्रत्यक्षात काय झालं

तिसऱ्या दिवशी मंथलीहून विमान उशिरा सुटलं, लुक्लाला पोहोचायला दुपारचा एक वाजला. मोंजो गाठण्याचा हट्ट सोडून फाकदिङला मुक्काम केला. नामचेची उडी ८३० ची झाली, दुसऱ्या रात्रीने ती सावरली.

दिङबोचेच्या दुसऱ्या संध्याकाळी नोंदवहीत एका नावापुढे डोकेदुखी २, पोट १, थकवा १ असं आलं. बेरीज चार. नाव गटातल्या सगळ्यात दमदार, ३१ वर्षांच्या मुलाचं. दोन दिवस तो सगळ्यांच्या पुढे चालला होता आणि पाणी जेमतेम दीड लिटर प्यायला होता. लेहला त्रास झालेला माणूस ठणठणीत होता. तरंगता दिवस तिथेच खर्च झाला. तिसऱ्या रात्रीनंतर सकाळी बेरीज एकवर आली आणि गट छुखुङला निघाला. छुखुङला एका रात्रीवर भागवून वेळापत्रक गाठायची सूचना पुढे आली. लेखी क्रम दाखवल्यावर ती मागे पडली.

बाराव्या दिवशी कोङमा ला. दहा वाजता चौघं तळ्यांच्या पुढे निघून गेलेले, दोघं अजून खाली, वीस-तीस पावलांवर थांबत चढणारे. त्यांना काही आजार नव्हता, फक्त वेग नव्हता. सहायक गाइड त्यांना घेऊन मागे फिरला. चौघं पावणेअकराला माथ्यावर आणि सव्वातीनला लोबुचेत.

आराखड्यातली खरी चूक इथे कळली. त्या सकाळी पोर्टर खिंडीतून न येता खोऱ्याच्या वाटेने सगळं सामान घेऊन लोबुचेला गेले होते. ते बरोबरच होतं, एवढ्या ओझ्याने त्यांना ती खिंड चढवणं अन्यायच. पण मागे फिरलेले दोघं छुखुङला पोहोचले तेव्हा त्यांच्या स्लीपिंग बॅगा चार तास पुढे होत्या. लॉजवाल्याने दोन-दोन रजया दिल्या, डाउन जॅकेट पाठीवरच्या पिशवीत होती, म्हणून रात्र निभावली. लॉज भरलेला असता तर निभावली नसती.

तेराव्या दिवशी दोघं दिङबोचे, थुक्ला करत सात तासांत लोबुचेला आले. चौघं त्या दिवशी गोरखशेप आणि बेस कॅम्पला गेले. चौदाव्या संध्याकाळी सहाही जण झोङलात एकत्र, वेळापत्रकाला धरून. रात्री बर्फ पडलं, सकाळी वितभर. पंधरावा दिवस थांबण्यात गेला. सोळाव्याला आधी गेलेल्या पाऊलखुणांवरून चो ला ओलांडली, आणि ठरल्याप्रमाणे गोक्यो रीला कात्री लागली. सतराव्याला गोक्यो, अठराव्याला रेन्जो ला, एकोणिसाव्याला नामचे. विसाव्याला लुक्ला.

लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटरची आणि चढती. वैमानिकाला ती डोळ्यांनी दिसल्याशिवाय विमान उतरत नाही. एकविसाव्या दिवशी खोऱ्यात ढग बसून राहिले, एकही विमान आलं नाही. बाविसाव्याला सकाळी जागा मिळाली, मंथलीहून मोटारीने संध्याकाळपर्यंत काठमांडू, आणि तेविसाव्याला घरचं विमान. सगळे मोकळे दिवस वापरले गेले, एकही उरला नाही.

हाच आराखडा पुन्हा वापरायचा तर दोन बदल करावे लागतील. कोङमा लाच्या दिवशी एक पोर्टर, तिघांच्या स्लीपिंग बॅगांसह, अकरापर्यंत छुखुङलाच थांबेल आणि वरून कोणी परत येत नाही हे पाहूनच खोऱ्याच्या वाटेने निघेल. वेगवान पोर्टर असेल तर तो संध्याकाळपर्यंत थुक्लाला आणि दुसऱ्या सकाळी लोबुचेला पोहोचतो. त्या एका रात्रीपुरतं तिघांनी लोबुचेच्या रजयांवर भागवायचं. आणि काठमांडूतला पहिला पूर्ण मुक्काम काढून टाकायचा: सकाळचं विमान असेल तर त्याच दुपारी मंथलीला निघता येतं. सुटलेला तो दिवस लुक्लाच्या बाजूला, शेवटी जोडायचा. एका ढगाळ दिवसाची सोय झाली होती, दोन दिवसांची करायला हवी.